शाळेमागे उभा असलेला समाज

मृगाचे ढग बालाघाटच्या डोंगरावर दिसू लागले की लातूर जिल्ह्यातील घराघरांत दोन चिंता एकदमच शिरतात. एक पेरणीची आणि दुसरी मुलांच्या शाळेची. दिवंगत गोपीनाथ मुंडे यांचा मतदारसंघ म्हणून एके काळी महाराष्ट्रभर ठाऊक झालेले रेणापूर याला अपवाद नाही. रेणुकामातेचे हे गाव तालुक्याचे ठिकाण आहे. लातूर शहर तासाभराच्याही अंतरावर नाही. त्यामुळे गावातली जिल्हा परिषदेची शाळा, खाजगी संस्थेची शाळा आणि शहरातली इंग्रजी शाळा असे तिन्ही पर्याय इथल्या पालकांसमोर असतात. त्यातही 'मिशनची शाळा' म्हटले की मध्यमवर्गीय घरातील चर्चा थोडी अडखळते. शिस्त चांगली, इंग्रजी चांगले, बाई प्रेमळ, हे सारे मान्य असते. पण देव्हाऱ्यासमोर हात जोडायला शिकलेले आपले लेकरू तिथे काय शिकून येईल, हा प्रश्नही मनातून जात नाही. असे पालक पुष्कळदा आपल्या कार्यकर्त्यांकडेच सल्ला मागतात. त्यांना काय उत्तर द्यायचे, याचा विचार शांतपणे व्हायला हवा.

आजवर आपल्याकडे या प्रश्नाची दोनच उत्तरे प्रचलित आहेत. पहिले उत्तर भारावलेल्यांचे. मिशनऱ्यांनी शाळा काढल्या नसत्या तर आपण अडाणीच राहिलो असतो, असे ही मंडळी सांगतात. दुसरे उत्तर संतापलेल्यांचे. मिशनची शाळा म्हणजे धर्मांतराचा कारखाना, असे म्हणून ते मोकळे होतात. पहिल्या उत्तरात स्वत्वाचा विसर आहे, दुसऱ्यात कर्तव्याचा. ख्रिस्ती प्राथमिक शाळा मुलाच्या मनाला वळण लावते, हे तर उघडच आहे. ते वळण ती कशाच्या बळावर लावते आणि आपल्या शाळांच्या पाठीशी तेवढे बळ आहे काय, हे तपासणे अधिक गरजेचे आहे.

हा प्रश्न आजचा नाही. १८४३ साली मुंबईत त्याने मोठे वादळ उठवले होते. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकणाऱ्या नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने त्या वर्षी बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहायला गेला होता. तो अजाण वयाचा होता. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली आणि न्यायालयाने मुलाला वडिलांच्या स्वाधीन केले. येथवर सारे समाजाच्या मनासारखे झाले. खरी परीक्षा पुढेच होती. मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या, त्यांचे अन्न खाल्लेल्या या पोराला जातीत घ्यायचे कसे, असा पेच धर्ममार्तंडांनी उभा केला. ज्या मुलासाठी न्यायालयापर्यंत भांडण झाले, त्याच मुलाला घरात घेण्यास समाज तयार नव्हता! तेव्हा 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर पुढे सरसावले. श्रीपतला प्रायश्चित्त देऊन शुद्ध करून घ्यावे, यासाठी त्यांनी स्वतःची सारी प्रतिष्ठा पणाला लावली. सनातनी मंडळींचा रोष आणि बहिष्काराच्या धमक्या त्यांनी सोसल्या. आधुनिक काळातील शुद्धीच्या इतिहासाचे हे पहिले पान मानले जाते. कार्यकर्त्यांच्या बौद्धिक वर्गांतून ते सांगितलेही जाते.

या कथेचा उत्तरार्ध मात्र फारसा सांगितला जात नाही आणि तो आपल्या मराठवाड्यात घडलेला आहे. थोरला भाऊ नारायण परतला नाही. तो रेव्हरंड नारायण शेषाद्री झाला आणि पुढे निजामी राज्यातील जालना येथे येऊन त्याने कामाला सुरुवात केली. सालारजंगांकडून जमीन मिळवून त्याने जालन्याजवळ एक गावच वसवले आणि त्याला नाव दिले बेथेल, म्हणजे देवाचे घर. तिथे प्रार्थनामंदिर होते, शाळा होती, हाताला काम होते. त्या वस्तीत आलेल्यांमध्ये मोठा भरणा होता तो मांग समाजातील कुटुंबांचा. ही माणसे तिथे का गेली, या प्रश्नाचे उत्तर आपण प्रामाणिकपणे द्यायला हवे. गावातल्या पंतोजींच्या शाळेत त्यांच्या मुलाला ओसरीवरही जागा नव्हती. विहिरीवर घागर बुडवायची सोय नव्हती. बेथेलच्या शाळेत त्या मुलाला नावाने हाक मारणारा शिक्षक भेटला. आईबाप आजारी पडले तर विचारपूस करणारे कोणी भेटले. आमिषाचा भाग कुठे कुठे असेलही. पण ज्याला स्वतःच्या गावात पाणी मिळत नाही, त्याला दुसऱ्याने दिलेल्या पाण्याला आमिष म्हणून हिणवण्याचा अधिकार गावाला उरतो काय?

शाळेच्या रोजच्या व्यवहाराकडे पाहिले तर हे बळ कसे तयार होते ते कळते. चांगल्या ख्रिस्ती प्राथमिक शाळेचा दिवस प्रार्थनेने सुरू होतो. ती प्रार्थना उरकली जात नाही. सारे शिक्षक तिला उभे असतात. मुलाची नखे, केस, गणवेश रोज पाहिले जातात. चालवणाऱ्या धर्मभगिनी बहुधा आवारातच किंवा शेजारच्या मठात राहतात. शाळा सुटली म्हणून त्यांचा दिवस संपत नाही. मूल दोन दिवस आले नाही तर घरी निरोप जातो. नाताळात ख्रिस्तजन्माचा देखावा मुलांच्याच हातून उभा राहतो. नाटुकले बसते, पालक येतात, मुले वृद्धाश्रमात फळे घेऊन जातात. वर्गातला धडा, सण, सेवा आणि शिस्त ही एकाच दोरात ओवलेली असतात. ख्रिस्ती कुटुंबांसाठी तर शाळा आणि धर्मग्राम यांचे नाते याहून घट्ट असते. रविवारच्या मिस्सेला भेटणारी माणसेच शाळेच्या पालकसभेत भेटतात. घर, शाळा आणि उपासना या तिन्हींकडून मुलाच्या कानावर एकच गोष्ट पडते. मूल्यशिक्षणाचे पुस्तक नेमले म्हणून हे घडत नाही. शाळेमागे एक समाज उभा असतो, म्हणून घडते.

हे परकेपणातूनच येते असेही नाही. चिमाजीअप्पांच्या पराक्रमाने पावन झालेल्या वसईच्या पट्ट्यातील ख्रिस्ती समाजाने कित्येक पिढ्या आपल्या शाळा मराठी माध्यमातून चालवल्या. घरात सामवेदी किंवा वाडवळी बोली, शाळेत मराठी, चर्चमध्ये मराठी प्रार्थना अशी त्यांची रीत राहिली. त्याच मातीतून आलेले 'सुवार्ता' मासिकाचे दीर्घकाळचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे २०२० साली धाराशिव येथे, म्हणजे आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात, भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्या निवडीवरून वादही झाले. २०२४ मध्ये ते निवर्तले. वाद बाजूला ठेवून एक गोष्ट नोंदवायला हवी. उपासना बदलली तरी भाषा, बोली, नातेसंबंध आणि भूमीची माया टिकू शकते, हे वसईने दाखवले आहे. या देशातील ख्रिस्ती बांधवांकडून राष्ट्रीय विचाराची हीच अपेक्षा आहे. मग मराठवाड्यातील शहरांत निघालेल्या मिशनच्या शाळांना मराठीचे वावडे का असावे, हा प्रश्न त्यांना विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. टिकली लावली, मेंदी काढली, बांगड्या घातल्या म्हणून मुलींना बोलणी खावी लागल्याच्या बातम्या देशाच्या निरनिराळ्या भागांतून अधूनमधून येत असतात. शिस्तीच्या नावाखाली मुलीच्या आईची रीत कमी लेखणे हे कोणत्याही धर्माच्या शाळेला शोभणारे नाही.

या संदर्भात एक आकडेवारी लक्षात ठेवण्याजोगी आहे. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२१ साली अल्पसंख्याक शाळांविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला. देशातील धार्मिक अल्पसंख्याकांत ख्रिस्ती समाजाचा वाटा ११.५४ टक्के, पण धार्मिक अल्पसंख्याक शाळांत त्यांच्या शाळांचा वाटा ७१.९६ टक्के असल्याचे त्यात नमूद आहे. याहून बोलका आकडा पुढचा आहे. या ख्रिस्ती शाळांत शिकणाऱ्या मुलांपैकी सुमारे ७४ टक्के मुले अल्पसंख्याक समाजातील नाहीतच. म्हणजे या शाळांचे वर्ग भरतात ते मुख्यतः आपल्याच घरांतील मुलांनी. सर्व प्रकारच्या अल्पसंख्याक शाळा मिळून पाहिल्या तर सामाजिक व आर्थिकदृष्ट्या वंचित घटकांतील विद्यार्थी अवघे ८.७६ टक्के असल्याचेही याच अहवालात म्हटले आहे. बेथेलच्या काळातील मिशनची शाळा वस्तीतल्या मुलाची होती. आजची शहरी कॉन्व्हेंट शाळा मोठ्या प्रमाणावर फी भरू शकणाऱ्याची झाली आहे. शिक्षण हक्क कायद्यातील पंचवीस टक्के जागांची तरतूद अल्पसंख्याक शाळांना लागू नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला होता. त्या निर्णयाचा फेरविचार व्हावा म्हणून दोन न्यायमूर्तींच्या पीठाने सप्टेंबर २०२५ मध्ये तो प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवावा असे म्हटले. सेवेचा वारसा सांगणाऱ्या संस्थांनी न्यायालयाची वाट न पाहता गरिबाच्या मुलासाठी दार उघडले, तर त्यांच्याच पूर्वसूरींचा मान राहील.

धर्मांतराची शंका निराधार आहे, असे म्हणणेही सत्याला धरून होणार नाही. न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५६ साली दिलेला अहवाल त्या काळच्या मध्य प्रदेशाविषयी, म्हणजे तेव्हा त्यात असलेल्या विदर्भाविषयीही होता. शाळा, रुग्णालये आणि अनाथालये यांचा उपयोग धर्मांतराची साधने म्हणून होतो, असे त्याने नोंदवले. लहान मुलाच्या विश्वासाचा असा वापर करणे हा विश्वासघात आहे. मात्र भारतातील कॅथॉलिक धर्माध्यक्षांच्या परिषदेनेच २०२४ मध्ये आपल्या शाळांना मार्गदर्शक सूचना दिल्या, हेही वाचकांना ठाऊक हवे. अन्य धर्मीय विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत, सकाळच्या प्रार्थनासभेत संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन व्हावे, सर्व धर्मांच्या मुलांसाठी प्रार्थनेची जागा असावी, असे त्या सूचनांत म्हटले आहे. या सूचनांचे स्वागत व्हायला हवे. त्या कागदावर राहणार की रेणापूर-लातूरच्या मुलांना त्यांचा अनुभव येणार, हे पाहण्याचे काम जागरूक पालकांचे आहे.

कायदाही पालकांच्या बाजूने आहे, पण तो फारच थोड्यांना माहीत असतो. संविधानाच्या अनुच्छेद २८ मधील तिसऱ्या खंडानुसार शासनमान्य किंवा शासकीय साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थेतील विद्यार्थ्याला धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घेण्याची सक्ती करता येत नाही. विद्यार्थी अजाण असेल तर पालकाची संमती लागते. प्रवेशाच्या वेळी सतरा कागदांवर सह्या करणारा पालक हे एक वाक्य लिहून देत नाही आणि वर्षअखेरीस मात्र तक्रार करतो. संमती द्यायची की नाही, हे घरात आधी ठरावे आणि मुख्याध्यापकांना नम्रपणे, लेखी कळवावे. घोषणा देऊन किंवा फाटकाशी गोंधळ घालून जे साधत नाही, ते पालकाच्या एका अर्जाने साधते. शिवाय ज्या शाळेत लहान मुले बसली आहेत, तिच्या दारात आरडाओरड करणे आपल्या संस्कारात बसत नाही.

पण हा झाला बचावाचा विचार. समाज केवळ बचावावर जगत नाही. मिशनच्या शाळेतून प्रकाश घेऊन स्वतःचा दिवा लावणाऱ्यांची परंपरा महाराष्ट्रात आहे. महात्मा जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, मिस फरार यांनी चालवलेली मुलींची शाळा त्यांनी पाहिली. पुढे १८४८ साली पुण्यात सावित्रीबाईंच्या साथीने त्यांनी मुलींची शाळा काढली. ते ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी येथल्या मातीत शाळा रुजवली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी नोकरी सोडून १८८० मध्ये लोकमान्य टिळकांसह न्यू इंग्लिश स्कूल उभे केले, तेही याच ईर्ष्येतून. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत शाळांमधून सर्व जातींची मुले एकत्र बसावीत म्हणून चळवळ केली. बेथेलला मिळालेले ते खरे उत्तर होते.

मराठवाड्याची कमाईही थोडी नाही. निजामी अमलात मातृभाषेतून शिकणे हीच मोठी गोष्ट होती. अशा काळात, १९२१ साली, धाराशिव जिल्ह्यातील हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली. पुढे तिथेच स्वामी रामानंद तीर्थ शिक्षक म्हणून आले आणि तिथून अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत गेले. त्या शाळांत शिक्षक मुलांबरोबर राहत, जेवत, श्रम करत. हैदराबाद मुक्तिसंग्रामाला कार्यकर्ते मिळाले ते अशा सहजीवनातून. स्वातंत्र्यानंतर अंबाजोगाईच्या भारतीय शिक्षण प्रसारक संस्थेने तो वसा घेतला. अंबाजोगाईचे खोलेश्वर विद्यालय आणि लातूरचे केशवराज विद्यालय रेणापूरच्या वाचकांना नव्याने सांगायला नकोत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची धरती हादरली, तेव्हा निराधार झालेल्या मुलांसाठी लातूरजवळ हरंगुळला जनकल्याण समितीचे निवासी विद्यालय उभे राहिले. हराळीला ज्ञानप्रबोधिनीने काम मांडले. या ठिकाणी मुलाला शाळेबरोबर समाजही मिळाला. म्हणूनच ती उभी राहिली आणि टिकली.

मग अडते कुठे? आपल्या पुष्कळ शाळांनी गेल्या काही दशकांत सहजीवन सोडून गुणपत्रिकेला कवटाळले आहे. लातूर पॅटर्नने या जिल्ह्याला नाव दिले, हजारो घरांत डॉक्टर-अभियंते दिले, हे कृतज्ञतेने मान्य करावे लागेल. पण त्याच पॅटर्नची सावली आता पहिली-दुसरीच्या वर्गावर पडू लागली आहे. सकाळी शिकवणी, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा शिकवणी. या चक्रात मुलाला शिक्षकाचे घर ठाऊक नसते आणि शिक्षकाला मुलाचे. गणेशोत्सव येतो आणि ध्वनिक्षेपकाच्या भिंतीमागे निघून जातो. नवरात्रात रेणुकेच्या दर्शनाला मूल आईबापांबरोबर जाते, पण शाळेबरोबर जात नाही. गेलेच तर त्या देवळाचा, त्या नदीचा, त्या गावाचा इतिहास त्याला कोणी सांगत नाही. ख्रिस्ती शाळा नाताळच्या एका सणातून मुलाला वर्षभर पुरेल एवढे शिकवते. आपल्याकडे सणांची रांग लागलेली असून शाळेच्या दृष्टीने ते सुट्टीचे दिवस ठरतात. मग मिशनच्या शाळेत मूल संस्कारहीन होईल, ही भीती बोलून दाखवताना आपण कोणत्या तोंडाने बोलतो?

करण्यासारखे काम मात्र अगदी हाताशी आहे. शिक्षण हक्क कायद्यान्वये जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात, असा नियम आहे. पुष्कळ गावांत या समितीची बैठक कागदावरच होते. कार्यकर्त्यांनी आणि विशेषतः मातृशक्तीने या समितीत जाऊन बसावे. शाळेचे स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, ग्रंथालयाचे कपाट, शिक्षकांची उपस्थिती हे प्रश्न हाती घ्यावेत. शाखेत येणारा तरुण आठवड्यातून दोन संध्याकाळी शाळेच्या मैदानावर खेळ घेऊ शकतो. निवृत्त शिक्षक गोष्टी सांगू शकतात. यासाठी नवी संस्था, नवी इमारत, नवी देणगी काहीच लागत नाही.

दुसरे काम अधिक निकडीचे आहे. दसरा सरला की बीड, लातूरच्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. त्यांत लहान मुले असतात. पुढचे पाच-सहा महिने त्यांची शाळा सुटते आणि पुष्कळांची कायमची सुटते. शासनाची हंगामी वसतिगृहे आहेत, पण गावात मुलाला सांभाळणारी मायेची माणसे नसतील तर आईबाप मुलाला मागे ठेवायला धजत नाहीत. बेथेलमध्ये गेलेल्या मुलाचा हा आजचा भाऊ आहे. त्याला जो जेवू घालील, अंघोळ घालील, अक्षर शिकवील, त्याचे बोट तो धरील. हा मनुष्यस्वभाव आहे, त्यात कोणाचे षड्यंत्र शोधण्याचे कारण नाही. रेणापूर तालुक्यातील सुस्थितीतल्या घरांनी अशा एकेका मुलाचा हंगामापुरता सांभाळ करायचे ठरवले, तर समरसतेवरील दहा व्याख्यानांहून ते मोठे काम होईल. त्या मुलाला आपल्या स्वयंपाकघरात, आपल्या पंगतीला जागा मिळते की ओसरीवर, हे मात्र त्या घराने स्वतःलाच विचारायचे आहे.

म्हणून जूनमध्ये सल्ला मागायला येणाऱ्या पालकाला कार्यकर्त्याने घाबरवू नये आणि लाजवूही नये. मूल कुठल्याही शाळेत घाला. पण संध्याकाळचे दिवेलागण घरात होऊ द्या, मराठी पुस्तक त्याच्या हाती राहू द्या, शाळेत काय चालते ते डोळे उघडे ठेवून पाहा आणि न पटणाऱ्या गोष्टी सभ्यपणे, कायद्याने सांगा. त्याच वेळी गावातली शाळा अशी करा की, पुढल्या जूनमध्ये हा प्रश्नच पडू नये. बाळशास्त्रींना एका श्रीपतला घरी आणण्यासाठी स्वकीयांशीच झगडावे लागले. आज त्यांच्यासारखे झगडायला उभे राहणारे किती, आणि आपले दार उघडे ठेवणारी घरे किती, याची मोजदाद शाखाशाखांतून आणि घराघरांतून व्हायला हवी.